उन्हातली भट्टी आणि फुटणाऱ्या छिन्न्या

हे प्रकरण माझ्याच शेडमधलं आहे. छंद म्हणून लोहारकाम सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी सात हत्यारं घडवली: तीन छिन्न्या, तीन पंच आणि तापलेलं लोखंड तोडायची एक रुंद छिन्नी. सातांपैकी चार फुटली. एक पाण्यात बुडवतानाच तडकली. दोन पंच पहिल्या दहा-बारा घावांत गेले. चौथी होती छिन्नी. तिच्या धारेचा नखाएवढा तुकडा उडाला आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला. पत्र्याला पडलेला पोचा मी अजून ठोकून सरळ केलेला नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता, पण मान जरा वळलेली असती तर तो तुकडा गालात शिरला असता. त्याच संध्याकाळी भट्टी बंद केली आणि ठरवलं की कारण कळेपर्यंत पाणी द्यायला, म्हणजे तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करायला, एकही हत्यार तापवायचं नाही.

कारण कळायला पाच आठवडे लागले. शेडचं तोंड पश्चिमेला होतं आणि मी भट्टी त्या तोंडाशी मांडली होती, हे ते कारण. वाचायला विचित्र वाटेल, म्हणून ते कसं सापडलं ते क्रमाने लिहितो. मधले दोन चुकीचे तर्कही सांगतो, कारण दोन्ही अर्धे खरे होते आणि त्यामुळेच मी त्यांच्यात अडकून पडलो.

मांडणी

घरामागे भिंतीला टेकून ३ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद शेड आहे. तीन बाजूंना पत्रा, चौथी पूर्ण उघडी. भट्टी प्रोपेनवर चालणारी: स्टीलचं नळकांडं, आतून २५ मिमी जाडीच्या सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे दोन थर, ते सिलिकाच्या द्रावणाने कडक केलेले आणि वरून रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे प्रखर उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचा, लेप. लेप न देता नुसतं ब्लँकेट वापरणारे बरेच जण दिसतात. कृपा करून तसं करू नका. त्याचे बारीक तंतू सुटून श्वासातून फुफ्फुसात जातात. सिलिंडर शेडच्या बाहेर, उभा ठेवलेला. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि ठिणगीची वाट बघत बसतो.

ऐरण ५० किलोची, लाकडी ओंडक्यावर बसवलेली. मूठ वळून हात सरळ खाली सोडला की बोटांची पेरं तिच्या माथ्याला टेकतात, एवढी उंची. भट्टीपासून ऐरण एका पावलावर, ऐरणीपासून पाण्याची बादली हाताच्या अंतरावर. भट्टी शेडच्या तोंडाशी ठेवण्यामागचा विचार साधा होता, की जळलेला वायू परस्पर बाहेर जावा. हा विचार योग्यच होता. गंमत अशी की सगळा घोटाळा त्याच योग्य विचारातून झाला.

काम सुटीच्या दिवशी दुपारी चारनंतर चालायचं. त्या वेळी कलतं ऊन सरळ भट्टीच्या तोंडावर आणि ऐरणीवर पडायचं. मला ते फार आवडायचं. हातातलं काम लख्ख दिसायचं, सावल्या नसायच्या.

पहिला संशय पोलादावर

हत्यारं गाडीच्या जुन्या कॉइल स्प्रिंगमधून घडवली होती. छंद म्हणून हे काम करणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, कारण स्प्रिंगच्या पोलादात कर्ब साधारण ०.६ टक्के असतो आणि ते पाणी चांगलं धरतं. साध्या सळईत कर्ब पाव टक्क्यापेक्षाही कमी, तिला कितीही लाल करून बुडवा, धार टिकेल इतकी ती कडक होत नाही. पण जुन्या स्प्रिंगची एक खोड असते. वर्षानुवर्षं दबून-सुटून तिच्यात केसाएवढ्या भेगा पडलेल्या असतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. तापवून ठोकल्या तरी सांधल्या जात नाहीत आणि पाणी देताना नेमक्या उघडतात. मला वाटलं, आपली स्प्रिंग आधीच गेलेली होती.

म्हणून रासायनिक चाचणीचा दाखला असलेली नवी कोरी गोल सळई आणली. स्प्रिंग स्टीलच, कर्ब ०.६ आणि क्रोमियम ०.८ टक्के. तिच्यातून दोन छिन्न्या केल्या, पूर्वीसारख्याच. पहिली बादलीत बुडवली आणि दोन सेकंदांत पाण्याखालून ‘टिक’ असा आवाज आला. अगदी हलका. बांगडी फरशीवर टेकावी तसा. ज्याने तो एकदा ऐकला तो विसरत नाही. बाहेर काढून तेलाचं बोट फिरवलं आणि पुसलं, तर धारेपासून वर गेलेली काळी रेघ तेवढी उरली. तडा.

तर पोलाद निर्दोष ठरलं, किमान या वेळी. संशय आता पाण्यावर गेला.

दुसरा संशय पाण्यावर, आणि तो निम्मा खरा

पाणी देणं म्हणजे काय, ते थोडक्यात. पोलाद एका ठरावीक तापमानाच्या वर नेलं की त्याची आतली रचना बदलते आणि कर्ब त्या नव्या रचनेत विरघळतो. तिथून झटकन थंड केलं तर कर्बाला बाहेर पडायला उसंत मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण, काचेसारखी ठिसूळ रचना तयार होते. ती तयार होताना पोलाद किंचित फुगतं. बाहेरचा भाग आधी थंड होऊन कडक झालेला असतो, आतला भाग मागाहून फुगतो, आणि ही ओढाताण पोलादाला सोसली नाही तर तडा जातो.

किती झटकन थंड करायचं हे पोलादावर ठरतं. नुसत्या कर्बाच्या पोलादाला पाण्याचा वेग लागतो. क्रोमियम, मँगेनीज असलेल्या स्प्रिंगच्या पोलादाला तेलाचा सावकाश वेग पुरतो. त्याला पाण्यात बुडवणं म्हणजे विनाकारण छळ. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणता येत नाही. वाचलं होतं, पण पाण्याची बादली हाताशी होती.

मग तेलाची सोय केली. उंच स्टीलचा डबा, त्यात आठ लिटर खाद्यतेल, घट्ट बसणारं धातूचं झाकण. डबा प्लास्टिकचा चालत नाही, हे सांगायची गरज नसावी. तेल ५०–६० अंशांपर्यंत कोमट करून घ्यायचं. थंड तेल घट्ट असतं, पोलादाभोवती नीट खेळत नाही, उलट कोमट तेल जास्त वेगाने उष्णता ओढतं. तेलाने पेट घेतला तर झाकण लावायचं, पाणी कधीही ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते, ती मूळ आकारमानाच्या दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि पेटतं तेल सगळीकडे उडवते. डब्याशेजारी कोरड्या वाळूची बादली तेव्हापासून कायम असते.

तेलात बुडवलेल्या पुढच्या तिन्ही हत्यारांना तडा गेला नाही. मला वाटलं, सुटलं कोडं. दोन आठवडे आनंदात गेले. मग एका छिन्नीने १० मिमीची सळई तोडत असताना तिच्या धारेचा अर्धचंद्राकृती टवका निघाला. टेम्परिंग, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताचं गरम करणं, नीट केलं होतं, धार जांभळट तपकिरी रंगापर्यंत उतरवली होती. तरी टवका. तुटलेली बाजू भिंगाखाली धरली तर आत खडीसाखर फोडल्यासारखे चकचकीत दाणे. पहिल्या चार तुकड्यांच्या तुटल्या बाजू डबीत जपून ठेवल्या होत्या. त्या काढून पाहिल्या. सगळ्यांमध्ये तेच दाणे.

म्हणजे पाणी हा दुसरा, वेगळा दोष होता. तो दूर झाला म्हणून पहिला उघडा पडला.

एका वाक्याचा सल्ला

ही डबी मी एका वयोवृद्ध लोहाराला दाखवली. आयुष्यभर शेतीची अवजारं घडवलेला माणूस. त्यांनी एक तुकडा उचलला, अंगठ्याने तुटली बाजू चोळली, उजेडाकडे तिरपी धरली आणि म्हणाले, “भाजलंय हे. लई तापवता तुम्ही.”

मी म्हटलं, “काका, मी गडद लाल झालं की लगेच काढतो. नारिंगी कधीच होऊ देत नाही.”

“कुठं बसता कामाला?”

मी शेडचं वर्णन केलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. डबी परत माझ्या हातात दिली. “उन्हात लाल दिसलं म्हणजे ते लाल नसतं,” एवढंच बोलले आणि त्यांच्या कामाला लागले.

खरं सांगायचं तर मला ते पटलं नाही. रंग म्हणजे रंग, उन्हात काय आणि सावलीत काय, असं वाटलं. पण माणसाचा अनुभव माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी मोठा होता, तेव्हा तपासून बघणं भाग होतं.

तपासणी

तापलेल्या वस्तूचा रंग तिच्या तापमानावर ठरतो, हे खरं. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवून दिलं की जवळपास सगळे घन पदार्थ साधारण ५२५ अंश सेल्सिअसला अंधुक लाल दिसू लागतात. मात्र हे अंधारातलं निरीक्षण आहे. वस्तू स्वतःचा प्रकाश फेकते तेवढाच, पण ऊन पडलं की त्याच पृष्ठभागावरून परतणारा सूर्यप्रकाश त्यावर मात करतो. अंधारात जी लाली ठसठशीत असते ती उन्हात नाहीशी होते, आणि डोळ्याला ‘गडद लाल’ वाटायला पोलाद बरंच वर न्यावं लागतं. हे सगळं कागदावर कळतं. ते माझ्या शेडमध्ये किती अंशांनी घडतंय, हा प्रश्न होता.

तीन गोष्टी जमवल्या. पहिली लोहचुंबक. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. दुसरी साधं मीठ, जे ८०१ अंशांना वितळतं. तिसरी गोष्ट तेलाचा रिकामा पत्र्याचा ड्रम, आडवा पाडलेला आणि आतून उष्णतारोधक काळ्या मॅट रंगाने रंगवलेला. ऊन असतानाही त्याच्या पोटात अंधार असतो.

दुपारी साडेचारला नेहमीसारखी भट्टी पेटवली. नव्या सळईचा तुकडा तापवला आणि मधून मधून बाहेर काढून चुंबकाला लावला. चुंबक सुटला तेव्हा उन्हात मला त्या तुकड्यावर लाली जवळजवळ दिसतच नव्हती. करडा, जरासा विटकरी, एवढंच. मी इतके दिवस या टप्प्याला ‘अजून वेळ आहे’ म्हणत होतो. चिमूटभर मीठ त्यावर ठेवलं आणि पुन्हा आत सारलं. मीठ थेंबासारखं पारदर्शक झालं तरीही माझ्या हिशेबाने पोलाद तयार नव्हतं. मग मला रोजचा ओळखीचा गडद लाल दिसला, ज्या क्षणी मी सरळ बुडवलं असतं. तोच तुकडा सांडशीने उचलून ड्रमच्या तोंडात धरला.

तो नारिंगी होता. पिकल्या संत्र्यासारखा, कडेला पिवळसर झाक मारणारा. बाहेर काढला तर लाल. आत नेला तर नारिंगी. मी वेड्यासारखा चार-पाच वेळा आत-बाहेर केलं, तुकडा काळा पडेपर्यंत. नंतर के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजायचं धातूच्या तारांचं साधन) आणून मोजलं तेव्हा माझा उन्हातला ‘गडद लाल’ ९८० ते १०५० अंशांच्या मध्ये भरला. या पोलादाला पाणी द्यायचं तापमान ८३० च्या आसपास असतं. मी दर वेळी दीडशे-दोनशे अंश पुढे जात होतो, आणि दर वेळी सारखाच जात होतो. म्हणूनच माझी मला चूक कळत नव्हती. हाताला सवय लागली होती आणि सवय अचूक वाटत होती.

उन्हाच्या जोडीला दुसरी फसवणूक भट्टीची. गॅसच्या भट्टीचं अस्तर स्वतः पिवळंधमक झालेलं असतं. त्याकडे टक लावून पाहिलं की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि आतलं पोलाद आहे त्यापेक्षा मंद वाटतं. रंग ओळखायचा तर तुकडा बाहेर काढून सावलीत ओळखायचा.

जास्त तापल्याने दाणे का वाढतात? रचना बदलते त्या तापमानाच्या वर पोलादातले स्फटिक, म्हणजेच हे दाणे, एकमेकांना गिळून मोठे होत जातात. तापमान जितकं चढं आणि वेळ जितका जास्त, तितके ते मोठे. बुडवलं की तो आकार तसाच गोठतो. मोठ्या स्फटिकांच्या सीमा लांब, सरळ आणि कमी असतात, तड्याला वाट सोपी होते. बारीक दाण्यांत तड्याला पावलोपावली वळावं लागतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक जुनी, बिनखर्चाची चाचणी आहे, विल्यम मेटकाफ यांच्या नावाने ओळखली जाते. सळईवर दर १५ मिमीवर हॅकसॉने खाच मारायची. मग एकच टोक भट्टीत धरून असं तापवायचं की टोक पिवळं, त्यामागे नारिंगी, त्यामागे लाल आणि शेवटी काळं राहील. तशीच बुडवायची आणि व्हाइसमध्ये धरून एकेक खाच मोडायची. मोडताना सळईवर जाड कापड टाका आणि तोंडावर पूर्ण फेस शील्ड असू द्या, कारण हे तुकडे टेम्परिंग न झालेले असतात आणि काचेसारखे उडतात.

मी सहा खाचांची सळई मोडली. टोकाचा तुकडा नुसता टिचकीने गेला, आत खडीसाखर. दुसरा थोडा बारीक, पिठीसाखरेच्या वड्यासारखा. तिसरा करडा. चौथा मोडायला दोन घाव लागले आणि त्याची तुटली बाजू अगदी मखमली, राखी, चमक नसलेली. पाचवा अर्धा वाकून मोडला. सहावा मोडलाच नाही, नुसता वाकला, कारण तो पुरेसा तापलाच नव्हता. डबीतले माझे फुटके तुकडे या रांगेशेजारी ठेवले. सगळे पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये बसले. चौथ्याच्या जवळपास एकही नाही.

त्या चौथ्या तुकड्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. तेच पोलाद, तेच तेल, तोच माणूस.

सावली केली, तर हवा कोंडली

उपाय सोपा वाटला: ऊन अडवायचं. पुढच्याच सुटीला शेडच्या उघड्या बाजूला वरपासून खालपर्यंत ताडपत्री ओढली. आत छान अंधार झाला, पोलादाचे रंग पुस्तकात लिहिल्यासारखे दिसायला लागले. आणि साधारण वीस मिनिटांत भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ओरडला. आकडा ११८ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ११८ भाग.

भट्टीच्या तोंडातून जी लांब ज्वाला बाहेर येते तिचा अर्थ आत गॅस पुरता जळत नाही असा असतो. पोलादावर खपली (तापलेल्या पोलादावर धरणारा ऑक्साइडचा थर) कमी यावी म्हणून मी ज्वाला मुद्दाम थोडी गॅसकडे झुकती, म्हणजे हवा कमी आणि गॅस जास्त अशी, ठेवायचो. उघड्या शेडमध्ये ते खपून जात होतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. मी गॅस बंद केला, ताडपत्री फाडल्यासारखी ओढली आणि बाहेर येऊन बसलो. डोकं दुखत होतं. अलार्म नसता तर मी ती डोकेदुखी उन्हावर आणि घणाच्या आवाजावर ढकलून आत काम करत राहिलो असतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शिवाय भट्टीपासून हातभर अंतरावर ताडपत्री टांगली होती, तो वेडेपणा वेगळाच.

म्हणजे खरा पेच असा होता: उजेड आत येऊ द्यायचा नाही, आणि हवा मात्र अडवायची नाही. घरच्या भट्टीची जागा आखताना हा पेच सगळ्यात आधी सोडवायला हवा, ऐरणीच्याही आधी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ऐरण सरकवता येते. शेडचं तोंड सरकत नाही.

सुटका प्रकाशाच्याच एका गुणात आहे. प्रकाश सरळ जातो, हवा वळते. उघड्या बाजूसमोर ६० सेमी अंतर सोडून पत्र्याचा उभा आडोसा केला, तोंडापेक्षा दोन्हीकडे हातभर रुंद. त्याची आतली बाजू मॅट काळी रंगवली, नाहीतर ऊन चकचकीत पत्र्यावरून उसळून आत येतंच. आडोशाचा खालचा ३० सेमी भाग मोकळा ठेवला. प्रोपेन गळलाच तर तिथून निघून जावा आणि ताजी हवा तिथून आत यावी, हा उद्देश. भट्टी मागच्या भिंतीशी नेली, तिच्या तोंडावर पत्र्याचं धुराडं बसवून २५ सेमी व्यासाची नळी छपराबाहेर काढली. गरम वायू वर चढतात, त्यांच्या ओढीने खालून गार हवा शिरते. भट्टीबरोबर ऐरणही मागे नेली, ते एका पावलाचं अंतर कायम ठेवून. तेलाचा डबा भट्टीच्या उजव्या हाताला आला, कारण पाणी द्यायचा तुकडा भट्टीतून तेलात एक-दोन सेकंदांत गेला पाहिजे. धारेचा पातळ भाग वाटेतच निवतो.

मग ज्वाला पूर्वीपेक्षा कमी झुकती ठेवून तासभर भट्टी चालवली. डोक्याच्या उंचीवर मीटर धरला. आकडा एक अंकी राहिला. दारासमोर उभं राहून वर्तमानपत्र वाचता येत होतं आणि भट्टीपाशी पोलादाची लाली दिसत होती. तो दिवस मला आठवतो.

एक गोष्ट मात्र आधी लक्षातच आली नव्हती. टेम्परिंगला अंधार चालत नाही. पाणी दिल्यावर धार घासून पांढरी करायची आणि सावकाश गरम करायची, की तिच्यावर रंग धावतात: २०५–२१० अंशांना फिका पिवळा, २४० ला गडद पिवळा, २५५ ला तपकिरी, २७०–२८० ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. हे रंग पोलादातून निघणाऱ्या प्रकाशाचे नाहीत. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर जाड होत जातो आणि बाहेरचा उजेड त्यावर पडून हे रंग दिसतात. म्हणून उजेड हवाच, आणि तोही पांढरा. पिवळ्या बल्बखाली फिका पिवळा ओळखूच येत नाही. व्हाइसच्या डोक्यावर पत्र्याला वीतभर झडप कापली. पाणी देताना ती बंद, टेम्परिंगला उघडी. छिन्नीची धार जांभळट तपकिरीवर थांबवतो. घाव बसतो ते टोक मुळात कडक करतच नाही. कडक डोक्यावर कडक हातोडा पडला की कपच्या डोळ्यांकडे उडतात.

नंतर

जास्त भाजलेली पण न तडकलेली तीन हत्यारं शिल्लक होती. त्यांचा दाणा परत बारीक करता येतो. आधी ८७० पर्यंत तापवून हवेत काळं पडेपर्यंत गार होऊ दिलं, मग ८३०, मग ७९०. पंख्याशिवाय, वाळूत न पुरता, स्थिर हवेत. दर वेळी नवे, लहान स्फटिक तयार होतात. त्यानंतर पुन्हा तेल, पुन्हा टेम्परिंग, तेही तासाभराच्या आत, कारण नुकतं बुडवलेलं पोलाद नुसतं ठेवलं तरी तडकू शकतं. तिन्हींची धार अजून शाबूत आहे. ज्याला तडा गेला त्याला मात्र औषध नाही, आणि इतकं तापलं की ठिणग्या फुटू लागल्या, त्यालाही नाही.

नव्या मांडणीत नऊ हत्यारं झाली. एक फुटलं. एका पंचच्या मानेवर कानशीची आडवी खाच राहून गेली होती, तडा नेमका तिथून गेला. तुटली बाजू भिंगाखाली धरली, तर राखी, मखमली. चूक हाताची होती, दाण्याची नाही. आता बुडवण्याआधी प्रत्येक हत्यार बारीक पॉलिश कागदाने लांबीच्या दिशेने घासून घेतो आणि कोपरे गोल करतो.

भर दुपारी, ऊन छपराच्या फटींतून उतरतं तेव्हा आडोसाही पुरत नाही. त्या वेळेत फक्त घडाई करतो. घडाईला पन्नास अंश इकडे-तिकडे चालतात. पाणी देण्याचं काम सूर्य घराआड गेल्यावर. पंचचं टोक अलीकडे थोडं फुलतं आहे, म्हणून पुढच्या दोन पंचांचं टेम्परिंग तपकिरीवरच थांबवून बघणार आहे.

काळा ड्रम भट्टीशेजारी तसाच आडवा आहे. तेलात घालण्याआधी तुकडा एकदा त्याच्या पोटात धरतो, रंग बघतो, मग चुंबकाला लावतो, पुन्हा क्षणभर भट्टीत, आणि सरळ तेलात.